टक्केवारी शेवटी लिहा, आधी पगारपत्रक मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अभिरूप संसदेत तुमच्या गटाकडे नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, दहा लाख वस्तीच्या एका गरीब देशाचं अर्थखातं आलं आहे. शिक्षणाला २० टक्के आणि आरोग्याला १५ टक्के दिले तर अर्थसंकल्प बरोबर ठरेल का? की आधी रस्ते, वीज, बंदर आणि हे सगळं नंतर?

माझी बरीच नोकरी अंदाजपत्रकं तयार करण्यात आणि त्याहून जास्त ती वर्षाच्या मध्यात कापण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची टक्केवारी वाईट नाही. पण तुम्हाला सोडवायचा आहे तो प्रश्न टक्केवारीचा नाहीच. शाळा आणि दवाखाने एकदा उघडले की पाचव्या, दहाव्या वर्षी त्यांचे पगार, औषधं, डिझेल आणि खडू कुठल्या पैशातून येणार, हा खरा प्रश्न आहे. नव्या देशाचं सरकार कोनशिला बसवायला कधीच कमी पडत नाही. अडचण उद्घाटनानंतर सुरू होते.

आधी हे आकडे येतात कुठून ते पाहू. आरोग्याचे १५ टक्के म्हणजे २००१ मध्ये आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी नायजेरियातल्या अबुजात केलेला संकल्प. शिक्षणाचे १५ ते २० टक्के २०१५ च्या इंचॉन जाहीरनाम्याशी जोडलेल्या कृती आराखड्यातले. आपल्याकडे शिक्षणावरच्या कोठारी आयोगाचे ६ टक्के प्रसिद्ध आहेत, पण ते राष्ट्रीय उत्पन्नाचे, सरकारी खर्चाचे नव्हेत. स्पर्धेत या दोन टक्केवाऱ्यांची सरमिसळ हमखास होते, तेवढी टाळा. हे सगळे आकडे दबाव आणण्यासाठी उपयोगी आहेत आणि मंत्र्यांना भाषणात लागतात. अर्थखात्याला त्यांच्यावरून काही मांडता येत नाही, कारण एकूण महसूल किती आणि देशात मुलं किती, याबद्दल ते काहीच बोलत नाहीत.

म्हणून उलट्या बाजूने या. सोपं जावं म्हणून दरडोई उत्पन्न १०० धरा, चलन कुठलंही. दहा लाख लोक, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न १० कोटी. गरीब नव्या देशात करवसुली राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असेल असं समजू. तुमच्या तिजोरीत वर्षाला १ कोटी येतात.

आता मुलं मोजा. अशा देशात लोकसंख्या तरुण असते. प्राथमिकच्या पाच इयत्तांच्या वयाची मुलं साधारण १५ टक्के, म्हणजे दीड लाख. एका शिक्षकामागे ५० मुलं धरली (जास्त आहेत, पण सुरुवातीला एवढीच परवडतात), तर ३,००० शिक्षक लागतात. शिक्षकाचा पगार दरडोई उत्पन्नाच्या साडेतीनपट धरा. गरीब देशांच्या प्राथमिक शिक्षणाचा हिशेब मांडताना हाच आकडा बराच काळ मापदंड म्हणून वापरला गेला आहे. एका शिक्षकाला ३५०, तीन हजारांना साडेदहा लाख. पुस्तकं, खडू-फळे, दुरुस्ती, तपासणी यांना पगाराच्या निम्मे म्हणजे सव्वापाच लाख. एकूण पावणेसोळा लाख. तुमच्या वीस टक्क्यांपैकी जवळजवळ सोळा टक्के एकट्या प्राथमिकला गेले. माध्यमिक शाळा, अध्यापक विद्यालयं आणि विद्यापीठ उरलेल्या चार टक्क्यांत बसवायचं आहे.

इथे नव्या देशांची खास अडचण येते. वसाहतीच्या काळात वरच्या जागांवर परदेशी अधिकारी असतात आणि वेतनश्रेण्या त्यांच्या मायदेशाच्या हिशेबाने ठरलेल्या असतात. स्वातंत्र्यानंतर त्या जागांवर आपली माणसं बसतात आणि श्रेण्या तशाच राहतात. त्या कमी करा म्हणायची हिंमत कोण करणार? कालपर्यंत साहेबाला मिळत होतं ते आज आपल्या माणसाला का मिळू नये, हा सवाल न्याय्यच आहे. आफ्रिकेतल्या पूर्वीच्या फ्रेंच वसाहतींमध्ये शिक्षकांचे पगार दरडोई उत्पन्नाच्या मानाने दीर्घकाळ फार वर राहिले, त्याचं मूळ यात आहे. तुमच्या देशात साडेतीनऐवजी सहापट पगार धरून पाहा. पगाराचेच १८ लाख होतात, वेतनेतर खर्च तोच ठेवला तरी बेरीज २३ लाखांच्या पुढे जाते. वीस टक्के संपले, आणि एकही माध्यमिक शाळा उघडलेली नाही.

तेव्हा तुमचा पहिला मोठा निर्णय वेतनश्रेणीचा असेल, आणि तो पहिल्या एक-दोन वर्षांतच होऊ शकतो. एकदा संघटना उभी राहिली, न्यायालयात दावे गेले, की ती खिडकी बंद होते. मी पगार कमी ठेवा असं सरसकट म्हणत नाही. अर्धपोटी शिक्षक दुपारनंतर शिकवण्या घेतो किंवा शेतावर जातो, हे मी पुरेसं पाहिलं आहे. पण श्रेणी ठरवताना तिच्याशेजारी तीन हजारांचा गुणाकार मांडलेला असला पाहिजे.

आरोग्याचं गणित याहून निसरडं आहे. दहा हजार वस्तीला एक केंद्र, अशी १०० केंद्रं. प्रत्येकी पाच कर्मचारी, सरासरी पगार दरडोई उत्पन्नाच्या तिप्पट, म्हणजे दीड लाख. औषधं, लस, वाहन, इंधन यांना तेवढेच. सगळी शंभर केंद्रं तीन लाखांत चालतात. आता राजधानीत ५०० खाटांचं एक रुग्णालय धरा. हजारभर कर्मचारी, तज्ज्ञ असल्याने सरासरी पाचपट पगार, म्हणजे पाच लाख. औषधं, वीज, ऑक्सिजन, यंत्रांची देखभाल मिळून आणखी तीन. म्हणजे आठ लाख. हे माझे गृहीत आकडे आहेत, तुम्ही बदलून पाहा, पण प्रमाण फारसं हलत नाही: एक रुग्णालय शंभर केंद्रांच्या दुपटीहून जास्त खातं. शिवाय मंत्री, खासदार, संपादक, परदेशी पाहुणे सगळे त्याच रुग्णालयात जातात, त्यामुळे कपातीच्या वेळी त्याला कोणी हात लावत नाही.

कपात कशी होते ते जरा जवळून सांगतो, कारण पुस्तकांत हे सापडत नाही. वर्षाच्या सातव्या-आठव्या महिन्यात कळतं की निर्यातीचा भाव पडला आणि महसूल येत नाही. अर्थखात्यातून पत्रक निघतं: वेतन वगळून सर्व बाबींवर कपात. पगार कापता येत नाहीत, कर्जाचे हप्ते कापता येत नाहीत. उरतं ते ‘औषधे व साहित्य’, ‘इंधन’, ‘देखभाल व दुरुस्ती’. अशा एका वर्षी आढावा बैठकीत एका जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने केंद्रांचा तिमाही तक्ता पुढे ठेवला होता. मंजूर पदं आणि भरलेली पदं यांचे रकाने जवळपास सारखे होते, बघायला सुरेख. शेजारी औषधांचा रकाना तिसऱ्या तिमाहीत कोरा. आणि त्याच्या उजवीकडे बाह्यरुग्णांची संख्या, तिमाहीगणिक उतरत गेलेली. बैठकीत एकाने उत्साहाने विचारलं, म्हणजे आजार कमी झाले का? अधिकारी म्हणाला, ‘नाही साहेब, लोकांना कळलंय की इथे नुसती चिठ्ठी मिळते.’ त्या तिमाहीत आरोग्यावरचा खर्च टक्केवारीत पाहिला तर फारसा घसरलेला नव्हता. पगार वेळेवर झाले होते.

चालू खर्च आटला की काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच देशात आहे. १९५३ मध्ये हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी झाली, १९५८ मध्ये निर्मूलनाचं उद्दिष्ट आलं आणि १९६५ पर्यंत नोंदलेले रुग्ण लाखाच्या आसपास आले. नव्या देशाने अत्यंत कमी खर्चात मिळवलेलं हे यश होतं. पुढचा टप्पा राखणीचा होता, म्हणजे घरोघर ताप शोधणं, रक्ताचे नमुने तपासणं, आणि ते काम नेहमीच्या आरोग्यसेवेने करायचं होतं. ती सेवा बऱ्याच भागांत पुरेशी उभीच नव्हती. डासांमध्ये डीडीटीला प्रतिकार आला, पुरवठाही अडला. १९७६ मध्ये रुग्ण चौसष्ट लाखांच्या घरात गेले. मोहीम पैशात मोजता येते, तिला शेवटची तारीख असते, म्हणून तिला तरतूद मिळते. राखणीला शेवटची तारीख नसते.

भारताच्या शिक्षणाबद्दल लोक घटनेतलं मूळ कलम ४५ सांगतात: दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. त्याआधी १९४४ च्या सार्जंट योजनेने याच कामाला चाळीस वर्षं धरली होती, आणि त्यावर वसाहतवादी दिरंगाई म्हणून रास्त टीका झाली. पण दहा वर्षांचं वचन देताना पैशाची वाट मात्र उलटी गेली. पहिल्या पंचवार्षिक योजनेत शिक्षणाच्या योजनाखर्चातला निम्म्याहून अधिक वाटा प्राथमिकला होता, दुसऱ्या योजनेत तो एक तृतीयांशाच्या आसपास आला. १९५१ मध्ये साक्षरता १८ टक्के होती, १९६१ मध्ये २८. वाढ झाली, पण कलम ४५ च्या जवळपासही नाही. उच्च शिक्षणावरचा खर्च वाया गेला असं मी म्हणणार नाही, त्याची फळं आपण खातोच आहोत. फक्त तो कोणाच्या वाट्यातून आला ते विसरू नये. आणखी एक: शिक्षण तेव्हा राज्यांकडे होतं, आरोग्य आजही आहे, आणि वाढता महसूल केंद्राकडे. तुमच्या काल्पनिक देशात प्रांत असतील तर शिक्षकाचा पगार कोणाच्या खात्यावर पडतो हे पहिल्याच पानावर लिहा.

आता ‘आधी रस्ते-वीज, मग शाळा’ या मुद्द्याकडे येतो. याच्या विरोधात श्रीलंकेचं उदाहरण घट्ट उभं आहे. तिथे विद्यापीठापर्यंत मोफत शिक्षण स्वातंत्र्याच्या आधीच, १९४५ मध्ये आलं. १९४६ ते १९४७ या एका वर्षात हजारी मृत्युदर सुमारे २० वरून १४ वर आला. त्यात डीडीटीचा वाटा किती यावर अभ्यासकांत वाद आहे, पण दवाखाने, सुईणी आणि आरोग्य पथकांचं जाळं तिथे आधीपासून होतं, कळुतराचं पहिलं पथक १९२६ चं. देश श्रीमंत होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. चहा आणि रबराच्या निर्यातीतून पैसा येत होता, हे मात्र त्याच दमात सांगायला हवं.

दुसऱ्या टोकाला टांझानिया. १९७४ मध्ये मुसोमात ठराव झाला की १९७७ पर्यंत सर्व मुलं शाळेत. शुल्क रद्द झालं होतंच. शिक्षक नव्हते, तर प्राथमिक संपवलेल्या तरुणांनाच शाळेत उभं करून, नोकरी करता करता, टपालाने आणि रेडिओवरून प्रशिक्षण दिलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जवळजवळ सगळी मुलं पटावर होती. मला त्या प्रयत्नाचं कौतुक वाटतं, माझ्या खात्यातले बरेच लोक त्याला वेडेपणा म्हणतात. पण तेलाचे भाव, युगांडाशी युद्ध, निर्यातीची घसरण हे सगळं एका पाठोपाठ आलं, १९८४ मध्ये शुल्क परत आलं आणि पट घसरला. शुल्क पुन्हा रद्द व्हायला या शतकाची सुरुवात उजाडली. मुलं शाळेत आणण्यात टांझानिया चुकला नाही. शाळा चालवणाऱ्या पैशाचा उगम दोन-तीन पिकांवर टेकलेला होता, तिथे घात झाला.

बोट्स्वानाने हाच धोका वेगळ्या पद्धतीने हाताळला. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक होता आणि रोजचा सरकारी खर्चही ब्रिटिश अनुदानावर चालत होता. पुढे हिरे सापडले. त्यांच्या अर्थ आणि नियोजन मंत्रालयाची शिस्त अशी की राष्ट्रीय विकास योजनेत नसलेला प्रकल्प, मग देणगीदार कितीही मोठा असो, घ्यायचा नाही, आणि प्रकल्पासोबत त्याचा पुढचा चालू खर्च व लागणारी माणसं मांडल्याशिवाय मंजुरी नाही. नंतर त्यांनी खनिजांचं उत्पन्न गुंतवणुकीवरच खर्च करायचं असा दंडक घातला आणि त्या गुंतवणुकीत शिक्षण-आरोग्याचा चालू खर्चही धरला. शिक्षकाचा पगार हा रस्त्यासारखाच भांडवली खर्च आहे असं हिशेबातच मान्य केलं. मला हा दंडक फार आवडतो, जरी त्याचा गैरफायदा घेऊन कुठलाही पगार ‘गुंतवणूक’ म्हणून दाखवता येतो.

पैसा असणं म्हणजे खर्च करता येणं नव्हे, हे पूर्व तिमोरमध्ये दिसलं. १९९९ मध्ये इंडोनेशियापासून वेगळं होण्यासाठी झालेल्या सार्वमतानंतरच्या हिंसाचारात बहुतेक शाळा आणि दवाखाने जाळले किंवा मोडले गेले. माध्यमिकचे बहुसंख्य शिक्षक इंडोनेशियाचे होते, ते निघून गेले. डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके उरले. २००५ मध्ये पेट्रोलियम निधी स्थापन झाला आणि पैसा येऊ लागला, तर मंत्रालयांना तो खर्चच करता येईना. निविदा काढणारी, बिलं तपासणारी माणसं नव्हती. डॉक्टरांची वाट क्यूबातून निघाली: तिथून वैद्यकीय पथकं आली आणि शेकडो तिमोरी विद्यार्थी शिकायला क्यूबात गेले. मुलगा वैद्यकीय शिक्षणाला गेल्यापासून डॉक्टर म्हणून उभा राहीपर्यंत सहा-सात वर्षं जातात. पैशाने ती कमी होत नाहीत.

म्हणूनच ‘सगळं प्राथमिकला द्या, विद्यापीठ नंतर’ हेही मी म्हणत नाही. काँगो १९६० मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्याकडे एकही काँगोली डॉक्टर नव्हता आणि पदवीधर विसाच्या आत. तशा देशात अध्यापक विद्यालयात शिकवणार कोण? पण महागडी माणसंच हवीत असंही नाही. मोझांबिकमधून १९७५ नंतर पोर्तुगीज डॉक्टर निघून गेले, तेव्हा तिथल्या सरकारने मोजक्या औषधांची राष्ट्रीय यादी केली आणि १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या शस्त्रक्रिया-तंत्रज्ञांना प्रशिक्षण दिलं. जिल्हा रुग्णालयांतली बहुतेक सिझेरियन पुढे तेच करू लागले. डॉक्टर राजधानीत किंवा परदेशात जातो, तंत्रज्ञ जिल्ह्यात टिकतो. हा खर्चाचा मुद्दा आहे, आणि तुमच्या गटातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना तो आवडणार नाही.

काही गोष्टी तुम्हीच ठरवायच्या आहेत, मी इथून सांगू शकत नाही. वस्ती दाट आहे की विखुरलेली? विखुरलेली असेल तर एका शिक्षकामागे ५० मुलं मिळणारच नाहीत आणि खर्च वाढेल. महसूल तेलाचा आहे की करांचा? दक्षिण सुदानचा जवळजवळ सगळा महसूल तेलाचा होता. २०११ च्या जुलैत देश स्वतंत्र झाला आणि २०१२ च्या जानेवारीत तेलवाहिनीच्या शुल्कावरून सुदानशी वाद झाल्याने उत्पादन बंद पडलं. पुढे यादवी. तिथली आरोग्यसेवा मुख्यतः देणगीदार आणि स्वयंसेवी संस्थांच्या पैशावर चालत राहिली. जीव वाचले, पण ही सेवा अंदाजपत्रकाबाहेरची. संसदेला तिची बेरीजही दिसत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या अर्थसंकल्पात शिक्षणाला वीसच्या आसपास ठेवलं असतं, त्यातले पंधरा-सोळा प्राथमिकला, उरलेल्यातला पहिला पैसा अध्यापक विद्यालयांना. आरोग्याला सुरुवातीला पंधरा टक्के दिलेच नसते, दहा-अकरा दिले असते, कारण खर्च करणारी माणसं पहिल्या वर्षी नसतात आणि अखर्चित तरतूद दुसरं कोणी पळवतं. त्यात लसीकरण, हिवताप आणि बाळंतपण आधी. औषधं आणि लसीच्या शीतपेट्यांचं इंधन यांची तरतूद मात्र पगारासारखीच कपातीतून वगळली असती, आणि तसं विधेयकातच लिहिलं असतं. रस्त्यांपैकी केंद्रांपर्यंत आणि शाळांपर्यंत जाणारे पहिल्या यादीत घातले असते, त्यामुळे तो वाद निम्मा मिटतो.

अर्थसंकल्पाला पाच वर्षांचं एक जोडपत्र लावा: प्रत्येक नव्या इमारतीसमोर तिची माणसं, पगार, वेतनेतर खर्च आणि तो कोण देणार. लहान आरोग्य केंद्राचा वर्षाचा चालू खर्च त्याच्या बांधकामाच्या एक चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त निघू शकतो, हे तिथे दिसेल. तुमच्या गटाचा आरोग्यमंत्री राजधानीतल्या रुग्णालयाच्या विस्ताराची मागणी घेऊन येणारच. त्याला नाही म्हणू नका, त्याच्या हातात हे जोडपत्र द्या आणि पाचव्या वर्षाचा रकाना त्यालाच भरायला सांगा.